शरण जाणं म्हणजे ‘हो’ म्हणणं नव्हे!

कायदा बदलायला मोर्चे लागतात, खासदार लागतात, वकील लागतात. पण त्याआधी कुणीतरी निकाल नीट वाचावा लागतो. वसुधा धागमवार यांनी तो वाचला. आपल्याच विदर्भातल्या एका पोलीस ठाण्यातून सुरू झालेल्या आणि देशाचा कायदा बदलून गेलेल्या एका गोष्टीची, आणि ती गोष्ट तिथेच न सोडणाऱ्या एका अभ्यासक बाईची ही ओळख.

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.’ ही म्हण तुम्ही घरात कितीदा ऐकलीय? पुलगावात तर ती अजून थोडी लांबते. कोर्टाचीच काय, पोलीस ठाण्याचीही चढू नये! मोबाईल हरवला, पासपोर्टची चौकशी आली, गाडीचे कागद सोडवायचे आहेत, एवढ्यापुरतं जायचं आणि परत यायचं. सोबत कुणी ओळखीचा असेल तर बरं. आणि मुलगी असेल तर? ‘तू नको जाऊ, बाबा जातील.’ गाव लहान, ओळखी फार. स्टेशनपासून नाचणगावपर्यंत बातमी पोचायला किती वेळ लागतो ते आपल्याला माहीत आहे.

कायद्याबद्दलची ही जी भीती आपण लहानपणापासून उचलतो, तिचाच अभ्यास एका बाईंनी आयुष्यभर केला. कायदा पुस्तकात काय म्हणतो आणि ज्याच्यासाठी तो केला त्याला तो कसा दिसतो, यात अंतर किती, हा त्यांचा प्रश्न. नाव डॉ. वसुधा धागमवार. कायद्याच्या अभ्यासक, लेखिका, मानवी हक्कांच्या कार्यकर्त्या. १० फेब्रुवारी २०१४ ला त्या गेल्या. आपल्या पिढीतल्या फार कमी जणांना त्या माहीत आहेत. पण त्यांच्या कामाचा परिणाम तुम्ही रोजच्या पेपरात वाचता. कसा, ते पुढे येईलच.

आईकडून आलेला प्रश्न

वसुधाताईंची ओळख सुरू होते ती त्यांच्या आईपासून. आई म्हणजे लेखिका गीता साने. जन्म १९०७ चा, आपल्याच विदर्भातल्या वाशिमचा. ज्या काळात कादंबरीतली नायिका शेवटी नवऱ्याच्या पाया पडायची, त्या काळात, म्हणजे १९३६ च्या सुमारास, त्यांनी ‘निखळलेली हिरकणी’सारखी कादंबरी लिहिली. लग्नाच्या चौकटीत बाईचं माणूसपण कुठे जातं, हे त्या सरळ विचारत होत्या. पुढे त्या चंबळच्या खोऱ्यात गेल्या, तिथल्या डाकूंचा प्रश्न समजून घेतला आणि ‘चंबळची दस्युभूमी’ हे पुस्तक लिहिलं.

आईनं जो प्रश्न कादंबरीतून विचारला, तो मुलीनं कायद्याच्या पुस्तकाला विचारला. १९७४ मध्ये वसुधाताईंचं ‘लॉ, पॉवर अँड जस्टिस’ हे पुस्तक आलं. विषय होता भारतीय दंड संहिता. १८६० साली इंग्रजांनी केलेला हा कायदा साध्या माणसाच्या व्यक्तिगत हक्कांचं रक्षण कितपत करतो? कायदा, सत्ता आणि न्याय हे तीन शब्द शेजारी शेजारी ठेवले तरी ते एकमेकांचे सख्खे असतातच असं नाही, हे त्या पुस्तकाच्या नावातच आहे.

आणि मग चार-पाच वर्षांतच एक निकाल त्यांच्यासमोर आला.

देसाईगंज, २६ मार्च १९७२

पुलगावहून वर्धा, नागपूर करत पूर्वेला निघालात की वैनगंगेच्या काठावर देसाईगंज लागतं, म्हणजे वडसा. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. तिथे एक आदिवासी मुलगी राहायची. वय १४ ते १६ च्या मधलं. आईवडील नव्हते. भाऊ मजुरी करायचा, तीही करायची. तिचं एका मुलाशी लग्न ठरत होतं, भावाला ते पसंत नव्हतं, त्यानं पोलिसांत तक्रार दिली. सगळ्यांना रात्री ठाण्यात बोलावलं गेलं. जबाब झाले. रात्रीचे साडेदहा वाजत आले होते. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत थांबवून घेतलं.

ठाण्यातल्या एका शिपायानं तिच्यावर बलात्कार केल्याचा आणि हेड कॉन्स्टेबलनं तिचा विनयभंग केल्याचा आरोप होता. बाहेर भाऊ आणि बाकी मंडळी उभी होती. आतले दिवे बंद होते.

पुढचा प्रवास तारखांनीच सांगते, कारण तारखा इथं खूप बोलतात.

१ जून १९७४ : सत्र न्यायालयानं दोघांना निर्दोष सोडलं. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, ती खोटं बोलते, असा सूर निकालात होता.

१२ ऑक्टोबर १९७६ : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. तेच खंडपीठ, जिथे आज आपल्या वर्धा जिल्ह्यातली प्रकरणं जातात. भीतीपोटी, असहाय होऊन शरीर सोडून देणं याला इच्छा म्हणता येत नाही, असं खंडपीठानं म्हटलं. शिपायाला ५ वर्षांची आणि हेड कॉन्स्टेबलला १ वर्षाची शिक्षा झाली.

१५ सप्टेंबर १९७८ : सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणजे संमती. ती ओरडली हेही न्यायालयाला पटलं नाही.

आता क्षणभर थांबा आणि विचार करा. रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, दार बंद, समोर वर्दी. आणि मुलगी तुमच्या धाकट्या बहिणीच्या वयाची. तिनं हातपाय झाडले का, हा प्रश्न महत्त्वाचा, की ती झाडू शकत होती का, हा?

चार शिक्षक, एक पत्र

निकाल लागून एक वर्ष आणि एक दिवस झाला. १६ सप्टेंबर १९७९ ला चार जणांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. चौघंही कायदा शिकवणारे. दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार, आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. यातले केळकर म्हणजे ज्यांचं फौजदारी प्रक्रियेवरचं पुस्तक लॉची मुलं आजही वाचतात तेच. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड, तेही पुण्याचेच. हा निकाल देणाऱ्या पीठात मात्र ते नव्हते.

आज आपल्याला एखादी गोष्ट खटकली की आपण स्टोरी टाकतो. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर जाहीरपणे, सही करून, सरन्यायाधीशांनाच ‘हे चुकलं’ असं सांगणं ही लहान गोष्ट नव्हती. न्यायालयाच्या अवमानाची तलवार डोक्यावर असते. शिवाय हे चौघं वकील म्हणून त्या प्रकरणात नव्हते, कुणाचे नातेवाईक नव्हते. देशाचे नागरिक आणि कायद्याचे शिक्षक, एवढ्याच नात्यानं ते बोलत होते.

पत्रात आरडाओरडा नव्हता. होता तो युक्तिवाद. त्याचा गाभा दोन शब्दांत मावतो : संमती आणि शरणागती. संमती दिली की माणूस स्वाधीन होतो, हे खरं. पण स्वाधीन झाला म्हणजे त्यानं संमती दिलीच, हे खरं नाही. या प्रकरणात सिद्ध काय होतं? फार तर शरणागती. मग न्यायालयानं संमती कुठून काढली?

दुसरा मुद्दा. त्या मुलीला रात्री ठाण्यात बोलावलंच का? फौजदारी प्रक्रिया संहितेत स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या ठिकाणी जावं लागतं. हे त्याच सर्वोच्च न्यायालयानं काही महिन्यांपूर्वी नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात ठासून सांगितलं होतं. नंदिनी सत्पथी ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. माजी मुख्यमंत्र्यांसाठी जे लागू, ते मजूर मुलीसाठी का नाही? ठाण्यात जे घडलं त्यावर निषेधाचा एक शब्द निकालात का नाही?

तिसरा मुद्दा आजही तेवढाच टोचतो. मुलीचं आधी कुणाशी प्रेम होतं, संबंध होते, म्हणून तिची ‘नाही’ खोटी ठरते का? पत्रलेखकांचा सवाल थेट होता. लग्नाआधीचे संबंध समाजाला चालत नाहीत, म्हणून पोलिसांना मोकळीक मिळते का?

आणि शेवटी मागणी : मोठ्या पीठासमोर हे प्रकरण पुन्हा ऐका.

पत्रानं काय झालं?

त्या मुलीसाठी, खरं सांगायचं तर, काहीच नाही. निकाल बदलला नाही. दोघं निर्दोषच राहिले. ही गोष्ट गोड करून सांगता येत नाही आणि सांगूही नये.

पण पत्र हातोहात फिरलं. जानेवारी १९८० मध्ये मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला. ८ मार्च १९८० ला देशातल्या अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. महिला दिन म्हणजे आज आपल्याकडे गुलाबी साड्या, भाषण आणि ऑफर. त्या वर्षी महिला दिनाला बायका एका निकालाविरुद्ध घोषणा देत होत्या. नागपुरात सीमा साखरे यांच्या स्त्री अत्याचारविरोधी परिषदेनं हा प्रश्न लावून धरला. विधी आयोगानं एप्रिल १९८० मध्ये आपला ८४ वा अहवाल दिला. आणि २५ डिसेंबर १९८३ ला फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली.

काय बदललं? ठाण्यात, तुरुंगात, रुग्णालयात, सरकारी ताब्यात असताना झालेला बलात्कार हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा ठरला, किमान शिक्षा १० वर्षं. पुराव्याच्या कायद्यात ११४-अ हे कलम आलं. अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीनं कोर्टात ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर कोर्ट संमती नव्हती असंच धरून चालेल. म्हणजे ‘मी ओरडले होते’ हे सिद्ध करायचं ओझं तिच्या डोक्यावरून उतरलं. खटला बंद दाराआड चालवायची तरतूद झाली.

आणि २२८-अ. आम्हाला मास कॉमला पहिल्याच वर्षी शिकवतात, बलात्कार पीडितेचं नाव छापायचं नाही, ओळख पटेल असं काही लिहायचं नाही. पेपरात तुम्ही बदललेली नावं वाचता, ती याच नियमामुळे. हे कलम त्याच १९८३ च्या दुरुस्तीतून आलं. देसाईगंजच्या मुलीच्या वेळी हा नियम नव्हता. त्यामुळे तिचं नाव पुस्तकांत, भाषणांत, परीक्षेच्या उत्तरांतसुद्धा सगळीकडे आहे. कायद्याच्या नोंदीत प्रकरणाचं नाव ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असं आहे, पण लोक ते तिच्याच नावानं ओळखतात. या लेखात ते नाव नाही. जो हक्क तिच्यामुळे बाकीच्यांना मिळाला, तो निदान या पानावर तिलाही असू दे.

काम एका दमात संपलं नाही. बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष पाडायची वाट २००२ मध्ये बंद झाली. संमती म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात यायला २०१३ उजाडलं, तीही दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर. अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही, हे आता कायद्यातच लिहिलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही ते आहे. चौघांनी १९७९ मध्ये पत्रात जे म्हटलं, ते कायद्याच्या पुस्तकात उतरायला ३४ वर्षं लागली. वसुधाताईंनी ते पाहिलं. त्यानंतर साधारण वर्षभरात त्या गेल्या.

शब्दांचं काम

‘ह्युमन राइट्स स्कॉलर’ म्हटलं की आपल्याला वाटतं, परिषदा, विमानं, जाडजूड पुस्तकं. असतंही. पण मूळ काम शब्दांचं आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचं पहिलं कलम बघा. तिथे ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता अडून बसल्या आणि तिथे ‘सर्व मानव’ आलं. एका शब्दात अर्ध्या जगाला जागा झाली. संमती आणि शरणागती यांतला फरकही असाच.

मात्र वसुधाताई शब्दांपाशी थांबल्या नाहीत. कायदा चांगला झाला, पुढे काय? ज्यांच्यासाठी झाला त्यांना तो माहीत आहे का? त्यांनी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या, आताच्या नंदुरबारमधल्या अक्कलकुव्याच्या आदिवासींमध्ये काम केलं. जमीन, जंगल, सरकारी कागद यांच्याशी त्या माणसांचा संबंध कसा येतो ते जवळून बघितलं. आदिवासींच्या अनुभवातून भारतातल्या कायद्याची भूमिका आणि त्याची प्रतिमा, या विषयावर पुढे त्यांचं एक मोठं पुस्तकही आलं. ‘प्रतिमा’ हा शब्द लक्षात ठेवा. कायदा लोकांना दिसतो तो कलमांच्या रूपात नाही. तो दिसतो फॉरेस्ट गार्डच्या, तलाठ्याच्या, शिपायाच्या रूपात.

१९८५ मध्ये त्यांनी दिल्लीत ‘मार्ग’ म्हणजे मल्टिपल ॲक्शन रिसर्च ग्रुप ही संस्था सुरू केली. या संस्थेनं सरदार सरोवराच्या बुडिताखाली जाणाऱ्या मध्य प्रदेशातल्या गावांमध्ये जाऊन पाहणी केली. पाहणीचा मूळ प्रश्न एवढा साधा की चटका बसतो : या लोकांना काय माहीत आहे? आपलं गाव कधी बुडणार, जमिनीच्या बदल्यात जमीन मिळणार की नाही, लवादानं आपल्याला काय देऊ केलंय? नर्मदा लवादाचा निवाडा १९७९ मध्येच आला होता. हक्क कागदावर होते. पण ज्यांचे होते त्यांच्यापर्यंत ते पोचले नव्हते.

आपल्याकडे निम्न वर्धा धरणात आर्वीकडची गावं गेली. तुमच्या वर्गात, शेजारात त्या गावातलं कुणी असेल, तर हाच प्रश्न त्यांच्या आजोबांना विचारून बघा. नोटीस आली तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं? उत्तर ऐकताना तुम्ही नकळत एक संशोधनच करत असाल.

‘मार्ग’नं मग ‘हमारे कानून’ नावाच्या पुस्तिका काढल्या, सोप्या भाषेत, कायदा न शिकलेल्या माणसासाठी. सरन्यायाधीशांना पत्र लिहिणारी बाई गावातल्या बाईसाठी पुस्तिका काढते, हे दोन वेगवेगळे उद्योग नाहीत. वर चुकलं तर वर सांगायचं, खाली पोचलं नाही तर खाली न्यायचं. काम एकच.

त्या सगळ्यांना आवडेल असंच लिहीत होत्या असंही नाही. समान नागरी कायद्यावर १९८९ मध्ये त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. विषय वादाचा आहे, तेव्हाही होता. पण घोषणा न देता, एकेक कायदा उलगडून वाद घालता येतो, हे त्यांच्या लिखाणातून शिकण्यासारखं आहे. आपल्या ग्रुपवरच्या भांडणांत हे किती जणांना जमतं?

मग आपण काय करायचं?

पुलगाव म्हटलं की लोकांना डेपो आठवतो, बंद पडलेली मिल आठवते, आर्वीला जाणारी आणि आता न जाणारी शकुंतला आठवते. इथली मुलं पास काढून गाडीनं वर्ध्याला कॉलेजला जातात. यातली कुणी एलएलबीचा विचार करत असेल, तर महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ नागपुरातच आहे आणि राज्याची सीईटीही आहेच. पण वकील व्हायचं नसलं तरी कायदा वाचता येतो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मोबाईलवर फुकट मिळतात. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल फार लांबलचक नाही. आधी तो वाचा, मग चौघांचं पत्र वाचा. इंग्रजी अवघड वाटेल, दोघं-तिघं मिळून बसा. निकालातलं कोणतं वाक्य तुम्हाला खटकतं ते खाली रेघ मारून ठेवा. त्या निकालावरही कुणीतरी अशीच पेन्सिल चालवली म्हणून पुढचं सगळं झालं.

आणि ती म्हण? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे ज्यांना दुसरे रस्ते मोकळे आहेत त्यांना परवडतं. देसाईगंजच्या मुलीला नव्हते. पुढच्या वेळी घरात कुणी ती म्हण म्हणालं, तर वाद घालू नका. खालच्या चौकटीतली एखादी ओळ तेवढी वाचून दाखवा.

ही चौकट कापून ठेवा

• महिलेला चौकशीसाठी, जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी तिच्या राहत्या ठिकाणी जायचं असतं. (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९)

• गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. (कलम १७३)

• लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचं नाव, फोटो, ओळख पटेल अशी माहिती छापणं आणि फिरवणं गुन्हा आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवरही. (भारतीय न्याय संहिता, कलम ७२)

• महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, कामगार यांना मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

• तातडीची मदत : ११२. महिला हेल्पलाइन : १८१.